माकडांच्या उतरंडीत ताण कुणाच्या वाट्याला येतो?

बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानाच्या कुंपणाला लागून असलेल्या सोसायटीत राहणाऱ्या एका वाचकांनी दोन प्रश्न विचारले आहेत. त्यांच्या गच्चीवर रोज सकाळी लाल तोंडाच्या माकडांची एक टोळी येते. तिच्यातला एक धिप्पाड नर सर्वांना दटावत असतो आणि कान फाटलेली एक मादी ज्याच्या-त्याच्या चापट्या खात असते. तेव्हा टोळीत खालच्या पायरीवर असणाऱ्यांच्या नशिबी जन्मभर ताण आणि वरच्यांना आराम, असे समजावे काय, हा त्यांचा पहिला प्रश्न. दर शनिवारी गच्चीवर केळी आणि चणे ठेवले तर त्या मादीचा त्रास थोडा हलका होईल काय, हा दुसरा.

दुसऱ्याचे उत्तर लगेच देतो: हलका होणार नाही, वाढेल. तो का वाढेल हे पहिल्याचे उत्तर नीट दिल्याशिवाय कळणार नाही, आणि पहिल्याचे उत्तर ‘हो’ किंवा ‘नाही’ असे एका शब्दात देता येत नाही. गेली बावीस वर्षे मी मुंबई, ठाणे आणि कोकणातल्या माकडांच्या टोळ्यांमागे वही घेऊन हिंडतो आहे. सुरुवातीची काही वर्षे मीदेखील ‘वरचा सुखी, खालचा दुःखी’ असेच मानून चाललो होतो.

आधी ताण म्हणजे काय आणि तो मोजतात कसा, हे सांगणे भाग आहे. संकट दिसताच मेंदूतून निघालेला संदेश रक्तावाटे मूत्रपिंडांच्या डोक्यावर बसलेल्या अधिवृक्क ग्रंथींपर्यंत पोहोचतो आणि त्या ग्रंथी कॉर्टिसॉल नावाचे संप्रेरक सोडतात. साठवलेली साखर त्यामुळे रक्तात येते आणि पळायला किंवा लढायला बळ मिळते. पचन, वाढ, प्रजनन ही सावकाशीची कामे तेवढ्यापुरती बाजूला पडतात. बिबट्या मागे लागला असताना ही व्यवस्था जीव वाचवते. तीच व्यवस्था महिनोन्‌महिने चालू राहिली तर मात्र शरीर झिजू लागते, प्रतिकारशक्ती बिघडते आणि माद्यांची पाळी अनियमित होते. म्हणून क्षणाचा ताण आणि कायमचा ताण यांत फरक करावा लागतो. गच्चीवर चापट खाताना आपल्याला दिसतो तो पहिला. मोजायचा असतो तो दुसरा.

रानातल्या माकडाचे रक्त काढणे अवघड असते. पकडल्यापासून तीनेक मिनिटांतच पकडल्याचाच ताण रक्तात दिसू लागतो. म्हणून आम्ही विष्ठा गोळा करतो. कॉर्टिसॉलचे अवशेष विष्ठेत उतरतात आणि माकडांत साधारण आदल्या दिवशीची परिस्थिती त्यातून कळते, त्यामुळे एखाद्या क्षणाच्या भडक्याऐवजी सबंध दिवसाची सरासरी हाती येते. काम दिसायला हास्यास्पद आहे. कान्हेरीच्या लेण्यांजवळ सकाळी सहा-साडेसहाला टोळी झोपेच्या झाडावरून उतरते, तेव्हा कोणत्या मादीने कुठे घाण केली हे डोळ्यांत तेल घालून पाहायचे, ती दूर गेल्यावर लाकडी काडीने शेंगदाण्याएवढा भाग उचलायचा, मूत्राचा शिंतोडा लागला नाही ना हे बघायचे, कुपीवर तिचे नाव, तारीख आणि वेळ लिहायची आणि कुपी बर्फात ठेवायची. वेळ लिहायची ती यासाठी, की कॉर्टिसॉल दिवसभर एकसारखे नसते. सकाळी जास्त आणि संध्याकाळकडे कमी असते. एकीची सकाळची आणि दुसरीची दुपारची कुपी ताडून पाहिली तर निष्कर्ष कचऱ्यात टाकावा लागतो. मी असे एक अख्खे वर्ष टाकलेले आहे.

आता मूळ मुद्द्याकडे. खालच्याला ताण जास्त, या समजुतीला आधार मिळाला तो प्रामुख्याने रॉबर्ट सॅपोल्स्की यांच्या कामातून. त्यांनी १९७८ पासून केनियातल्या बबून माकडांचा अनेक वर्षे पाठपुरावा केला. फुंकणीतून भुलीची सुई मारून ते नरांचे रक्त घेत, आणि तेही ठराविक वेळी, त्या दिवशी भांडण किंवा समागम झालेला नसेल तरच. उतरंड स्थिर असताना खालच्या नरांचे नेहमीचे कॉर्टिसॉल वरच्यांपेक्षा जास्त निघाले. एवढेच बहुतेकांना ठाऊक असते. त्याच कामातला दुसरा भाग मात्र सांगायचा राहून जातो: जेव्हा उतरंड विस्कटली, कोण कुणाच्या वर हे रोज बदलू लागले, तेव्हा वरच्या नरांचा हा फायदा नाहीसा झाला. गादी टिकेल की जाईल याची धास्ती असलेला राजा आणि निवांत राजा यांचे रक्त वेगळे असते.

पुढे २०११ मध्ये ॲम्बोसेलीच्या बबूनांवरील निष्कर्ष प्रसिद्ध झाले. केनियातल्याच या मैदानात १९७१ पासून माकडांच्या पिढ्यान्‌पिढ्यांची नोंद ठेवली जात आहे. १२५ नरांची नऊ वर्षांत गोळा केलेली विष्ठा तपासल्यावर दिसले, की पहिल्या क्रमांकाच्या नरात ताणाची संप्रेरके दुसऱ्या क्रमांकाच्या नरापेक्षा ठळकपणे जास्त आहेत, आणि उतरंड स्थिर असली तरी ती जास्तच आहेत. अग्रस्थानी असलेला नर सतत भांडणांत गुंतलेला असतो आणि माजावर आलेल्या मादीवर पहारा ठेवण्यात त्याचे खाणे मागे पडते. दुसऱ्या क्रमांकाच्या नराला मान जवळजवळ तेवढाच मिळतो आणि किंमत बरीच कमी मोजावी लागते. तुमच्या गच्चीवरचा धिप्पाड नर ‘आरामात’ आहे असे तुम्ही ज्यावरून म्हणता ते दटावणेच त्याच्या खात्यावर खर्च म्हणून पडत असण्याची शक्यता आहे.

हे दोन निष्कर्ष एकमेकांना खोडत नाहीत. प्रश्न चुकीचा विचारला जात होता एवढेच त्यांतून दिसते. २००३ मध्ये काही अभ्यासकांनी सात जातींच्या माकडांवरील माहिती शेजारी-शेजारी मांडून पाहिली. ‘खालच्याला ताण जास्त’ हे कोणत्या समाजांत खरे आणि कोणत्यांत नाही, हे शोधताना दोनच गोष्टींचा धागा लागला. एक, खालच्यावर दिवसात किती वेळा प्रसंग ओढवतो. आणि दुसरी, तो ओढवल्यावर त्याच्या बाजूला बसणारे, विशेषतः रक्ताचे, कुणी आहे की नाही. नुसत्या पायरीच्या क्रमांकाने काही ठरत नव्हते. दक्षिण अमेरिकेतल्या मार्मोसेट या चिमुकल्या माकडांत तर खालच्या मादीचे कॉर्टिसॉल वरच्या मादीपेक्षा कमी आढळते. तिचे अंडमोचन दबलेले असते, ती स्वतः प्रजनन न करता कुटुंबातली पिल्ले पाठीवर वागवते, आणि तिला कुणी सहसा मारत नाही. बाहेरून पाहणाऱ्याला ती दासी वाटेल. तिच्या शरीराला तसे वाटत नाही.

एक शंका येथे रास्त आहे: पायरीमुळे ताण येतो, की मुळातच ताणाखाली असलेले, अशक्त प्राणी खालच्या पायरीवर पडतात? रानात बसून हे सोडवता येत नाही. अमेरिकेतल्या संशोधकांनी बंदिस्त लाल तोंडाच्या ४५ माद्यांचे पाच-पाचांचे नऊ गट केले आणि प्रत्येक गटात माद्या एकामागून एक सोडल्या. या माकडांत आधी आलेली वर आणि मागून आलेली खाली, असा क्रम बहुतेक वेळा लागतो. काही काळाने गट मोडून क्रम बदलून पुन्हा लावला. पायरी बदलली तशी त्याच माद्यांच्या पांढऱ्या पेशींतील जनुकांची वागणूक बदलली. खालच्या पायरीवर गेल्यावर दाह वाढवणारी जनुके अधिक कामाला लागली. हे २०१६ मध्ये प्रसिद्ध झाले. या प्रयोगातली माझ्या मते सर्वांत महत्त्वाची नोंद अशी, की खालच्या पायरीच्या परिणामाचा काही वाटा, तिला मार किती मिळतो आणि तिचे केस इतर माद्या किती वेळ निवडतात, या दोन गोष्टींतून उलगडत होता. मूत्रपिंडांवरच्या ग्रंथींना क्रमांक वाचता येत नाही. त्यांना चापट कळते आणि अंगावरून फिरणारा हात कळतो.

येथे मुंबईकरांना घरबसल्या पाहता येईल असा एक फरक आहे. आपण सरसकट ‘माकड’ म्हणतो, पण राष्ट्रीय उद्यानाच्या सुमारे १०४ चौरस किलोमीटरांत तीन जाती दिसतात: काळ्या तोंडाचे, लांब शेपटीचे वानर, लाल तोंडाचे, आखूड शेपटीचे रीसस, आणि डोक्याच्या मधोमध भांग पाडून केसांची टोपी घातल्यासारखे दिसणारे बॉनेट. यांपैकी रीसस आणि बॉनेट हे चुलतभाऊ. बर्नार्ड तिएरी या अभ्यासकाने या कुळातल्या जातींची स्वभावानुसार चार पायऱ्यांवर मांडणी केली, तीत रीसस पहिल्या म्हणजे सर्वांत कडक पायरीवर आणि बॉनेट तिसऱ्या पायरीवर येतात. रीससांत वरच्याने चावा घेतला तर खालचा उलटत नाही. दात विचकून शरणागती दाखवतो आणि पळतो. भांडणानंतर समेटही कमी होतो. बॉनेटांत भांडण होते, पण मार खाणारा उलट ओरडतो, थोड्या वेळाने दोघे शेजारी येऊन बसतात. मोठे नरसुद्धा एकमेकांना बिलगून बसलेले आणि एकमेकांच्या उवा निवडताना दिसतात. रीसस नरांत हे दृश्य विरळा. उतरंड दोन्हींकडे आहे. एकीकडे ती जिना असते आणि दुसरीकडे उंबरठ्यासारखी.

तुमची टोळी रीससांची आहे, म्हणून कान फाटलेल्या मादीबद्दल थोडे सविस्तर लिहितो. या समाजात माद्या जन्मलेल्या टोळीतच राहतात आणि नर वयात आल्यावर बाहेर पडतात. त्यामुळे टोळीचा कणा म्हणजे माहेर: आजी, आई, बहिणी, मावशा. मुलीला आईच्या लगेच खालची जागा मिळते, आणि बहिणींत धाकटी ही थोरलीच्या वर जाते, कारण भांडणात आई नेहमी धाकटीची बाजू घेते. म्हणजे सर्वांत खालच्या घराण्यात जन्मलेली मादी कितीही बलदंड असली तरी बहुधा खालीच राहते. तुमच्या मादीचा फाटलेला कान तिच्या दुबळेपणाची खूण असेलच असे नाही. तिच्या आईच्या जागेची खूण असू शकेल. तिची अवस्था कळायला ती किती चापट्या खाते हे मोजण्यापेक्षा, चापट खाल्ल्यावर ती कुणाकडे जाते हे पाहणे अधिक उपयोगाचे आहे.

हे मी दोन प्रसंगांवरून म्हणतो. पहिला बोट्स्वानातला. तेथील ओकावँगोच्या पाणथळ प्रदेशात बबून माद्यांवर दीर्घकाळ अभ्यास झाला. शिकारी प्राण्याने जिची जवळची नातलग मारली तिच्या विष्ठेत ताणाची संप्रेरके सुमारे महिनाभर चढलेली राहत. या माद्या कुढत बसल्या नाहीत, तर त्या काळात त्यांनी अधिक जणींचे केस निवडायला सुरुवात केली. गेलेल्या सोबतिणीच्या जागी नव्या ओळखी बांधणे चालू होते. याउलट बाहेरचा नर टोळीत घुसून वर चढला की माद्या आपले वर्तुळ आवळून दोघी-तिघी हक्काच्या सोबतिणींपुरते ठेवत, आणि ज्यांचे वर्तुळ आधीच असे घट्ट होते त्यांच्यावर ताणाचा भार कमी पडे. असा नवा नर पिल्ले मारतो, म्हणून अंगावर पिणारे पिल्लू असलेल्या मादीला त्याची सर्वाधिक धास्ती. आपल्याकडच्या वानरांत हेच घडते. धारवाडजवळ १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला युकिमारू सुगियामा या जपानी अभ्यासकाने नव्या नराच्या आगमनानंतर पिल्ले मारली गेल्याची नोंद केली, तेव्हा पुष्कळांनी त्यावर विश्वास ठेवला नव्हता.

दुसरा प्रसंग माझ्या वहीतला आहे. उद्यानाच्या पूर्वेकडच्या एका सोसायटीतील रहिवाशांनी तक्रारी करून टोळीतला मोठा नर पकडवून दूर सोडून दिला. मला विचारले गेले ते नंतर. ‘दादागिरी करणारा गेला, आता शांतता होईल’ अशी सर्वांची समजूत होती. पुढचे सहा-सात आठवडे त्या टोळीत मी आधी कधी न पाहिलेली भांडणे पाहिली. तीन नर रिकाम्या जागेसाठी झगडत होते, एकाने मार खाल्ला की तो शेजारच्या मादीला मारी, ती आपल्याहून खालचीला, आणि शेवटचा फटका एखाद्या पिल्लावर किंवा जिन्यातल्या माणसावर पडे. दोन पिल्ले त्या काळात दिसेनाशी झाली. नेमके कशाने, ते मला सांगता येणार नाही. आमच्या नोंदींत माद्यांचे स्वतःला खाजवणे दुपटीच्या आसपास गेले होते. खाजवणे ही क्षुल्लक गोष्ट वाटेल, पण उवा नसताना वारंवार अंग खाजवणे हे या माकडांत अस्वस्थतेचे विश्वासार्ह लक्षण मानले जाते. चिंता कमी करणारे औषध दिले की ते घटते, हे प्रयोगांतून दिसले आहे.

टोळीची घडी बदलली की ताण बदलतो, याचे सर्वांत विलक्षण उदाहरण पुन्हा सॅपोल्स्की यांचेच. १९८०च्या दशकात त्यांच्या एका टोळीतले आक्रमक नर शेजारच्या पर्यटक निवासाच्या उकिरड्यावर, तिथल्या टोळीशी भांडून, खायला जात. उकिरड्यावरच्या रोगट मांसातून क्षय पसरला आणि हे नर मेले. मागे उरले ते भांडणापासून दूर राहणारे नर आणि माद्या. टोळीत मारामारी घटली, केस निवडणे वाढले, आणि खालच्या नरांत नेहमी दिसणारी ताणाची लक्षणे या टोळीत आढळली नाहीत. बबूनांत नर टोळी बदलतात, त्यामुळे सुमारे दशकभराने मूळ नरांपैकी कुणीच उरले नव्हते. तरीही बाहेरून आलेले नवे नर याच रीतीला लागले. माझ्या सोसायटीतला अनुभव याच्या नेमका उलट का गेला, असे कुणी विचारील. तिकडे भांडखोरांचा सबंध थर गेला, इकडे एकच वरचा काढला आणि त्याच्या जागेसाठी टपलेले तसेच राहिले.

रीससांसारखी कडक जातसुद्धा वाकते, हे मात्र मला अलीकडेच मान्य करावे लागले. पोर्टो रिकोजवळच्या कायो सांतियागो या बेटावर १९३८ मध्ये भारतातून नेलेली चारशेच्या आसपास रीसस माकडे सोडली होती. त्यांचे वंशज आजही तेथे आहेत. सप्टेंबर २०१७ मध्ये मारिया चक्रीवादळाने बेटावरची बहुतेक झाडी झोडपून काढली. सावली दुर्मीळ झाली. तुटपुंज्या सावलीवरून रक्तपात होईल अशी भीती होती. प्रत्यक्षात माकडे एकमेकांच्या जवळ बसू लागली, परक्यांनाही शेजारी सहन करू लागली आणि त्यांची आपसांतली मारामारी उतरली.

मग गच्चीवरच्या केळ्यांमुळे हीच सहनशीलता का येत नाही? सावली वाटून घेता येते; एका ताटातला घास घेता येत नाही. जंगलात उंबर, पाने, कोवळे कोंब, किडे असे अन्न विखुरलेले असते. वरचा नर सगळ्या झाडांवर एकाच वेळी बसू शकत नाही, म्हणून खालच्या मादीला दिवसभर चार हात लांब राहून पोट भरता येते. तुम्ही एका कठड्यावर डझनभर केळी ठेवलीत की एकाला सगळ्यांवर कब्जा करता येतो. वरच्या घराण्यातल्या माद्या गालाच्या पिशव्या भरून घेतात, आणि कान फाटलेली मादी एका सालीच्या आशेने, तिला एरवी टाळता येणाऱ्यांच्या हाताच्या अंतरात येते. सात जातींच्या त्या तुलनेतला पहिला मुद्दा आठवा, दिवसात किती वेळा प्रसंग ओढवतो. तो आकडा तुम्ही शनिवारी स्वतःच्या हाताने वाढवत असता. माणसांशी होणाऱ्या झटापटीचाही वाटा आहेच. मोरोक्कोतल्या बार्बरी माकडांच्या नरांत पर्यटकांच्या नुसत्या संख्येपेक्षा त्यांच्याशी होणाऱ्या आक्रमक झटापटींचा ताणाच्या संप्रेरकांशी संबंध दिसला होता. शनिवारी केळी देणारा आणि रविवारी काठी उगारणारा रहिवासी बहुधा एकच असतो, असा माझा अनुभव आहे.

ॲम्बोसेलीच्या २४२ माद्यांच्या नोंदींवरून २०२१ मध्ये एक हिशेब निघाला: प्रौढपणी ताणाची संप्रेरके कायम चढी असणाऱ्या आणि कायम उतरती असणाऱ्या माद्यांच्या अपेक्षित आयुष्यात पाचेक वर्षांचा फरक पडतो. बबून मादीच्या आयुष्यात पाच वर्षे म्हणजे दोन-तीन पिल्ले. तेव्हा तुमच्या मादीची चिंता अनाठायी नाही.

तिच्यासाठी करता येण्यासारखे असे आहे, की खाणे ठेवणे बंद करावे, सोसायटीच्या कचऱ्याच्या डब्यांना घट्ट झाकणे बसवावीत, आणि मोठा नर पकडून नेण्याचा ठराव कुणी सभेत मांडला तर वरचा प्रसंग सांगावा. आणि महिनाभर एक वही ठेवा. सकाळी पाऊण तास पुरे. पाहायचे ते तीनच: मार खाल्ल्यानंतरच्या पाच मिनिटांत ती स्वतःला किती वेळा खाजवते, ती कुणाजवळ जाऊन बसते, आणि तिचे केस कोण निवडते. एखादी ठराविक मादी, बहुधा तिची बहीण किंवा मुलगी, रोज तिच्या पाठीशी दिसली तर तिचे बरे चालले आहे असे मी म्हणेन. ती रोज पाण्याच्या टाकीमागे एकटीच बसत असेल तर मला कळवा. मी सकाळी साडेसहाला कुप्या घेऊन येईन.